केरोबा आणि जास्तीची पाकळी

एका गावात केरोबा नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा हे त्याच्या तोंडावर म्हणायचं. माघारी गाव दुसरा शब्द वापरी. त्याला सांगितलेलं तो कधी विसरत नसे. ते कुठे वापरायचं, एवढंच त्याला कळत नसे.

त्याची आत्या वारली. तिच्या बटव्यात चांदीचे वीस राणीछाप रुपये निघाले, ते केरोबाकडे आले. त्याची बायको ठकूबाई म्हणाली, मोघे मास्तरांना दाखवून या.

मोघे मास्तर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते. त्यांना जुन्या रुपयांचा नाद होता, तोही भलताच. टांकसाळीत पोलादी ठशानं रुपयावर छाप उठवतात. ठसा झिजला की नवा कोरतात, आणि नव्यात कोरणाऱ्याचा हात कुठेतरी चुकतो. कुठे ठिपका कमी, कुठे पान जास्त. मास्तर तीस वर्षं भिंग घेऊन या चुका गोळा करत होते. दोघांतला मूर्ख कोण, याबद्दल गावात दुमत होतं. ते पुढे मिटलं.

मास्तरांकडे काळे रुपये कसे न्यायचे, म्हणून केरोबानं चिंच आणि राख घेतली आणि रुपये घासायला बसला. सतरा रुपये घासून झाल्यावर हात दुखले, म्हणून तीन राहिले. त्या आळसाइतकं शहाणपणाचं काम त्यानं जन्मात केलं नव्हतं.

मास्तरांनी सतरा रुपये पाहिले. एकाही राणीला नाक उरलं नव्हतं. ते म्हणाले, "जुनी वस्तू धुवायची नाही, घासायची नाही. मळासकट कापसात गुंडाळून ठेवायची."

केरोबा म्हणाला, "कळलं."

दुसऱ्या दिवशी ठकूबाईनं त्याला दुधाची चरवी घासायला सांगितली. चरवी तिच्या सासूच्या वेळची, म्हणजे जुनीच. केरोबानं ती कालच्या दुधासकट कापसात गुंडाळून फडताळात ठेवली. संध्याकाळी ठकूबाईनं घाईत तीच काढून धार काढली. सगळं दूध नासलं. डेअरीवाल्यानं ते परत पाठवलं, वर चार लोकांत ऐकवलं.

ठकूबाईनं कपाळाला हात लावला आणि त्याला पुन्हा मास्तरांकडे पिटाळलं. निदान तिथे बसला तर घरातली भांडी वाचतील, असा तिचा हिशेब होता. मास्तर उरलेले तीन रुपये भिंगाखाली धरून बसले होते. ते त्याला समजावू लागले. एकाच ठशाचे दोन जमले तर एकच ठेवायचा. दुसरा बदल्यात द्यायचा आणि त्याच्या जागी वेगळा आणायचा. ज्याच्याजवळ सगळे वेगळे, तो खरा धनी.

केरोबा म्हणाला, "कळलं."

घरी दोन पांढरे बैल होते. सारखी शिंगं, सारखी वशिंडं, सासऱ्यानं कौतुकानं दिलेले. केरोबानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. ठसा एकच होता. बाजाराच्या दिवशी त्यानं एक बैल देऊन रेडा आणला, आणि तो दाखवायला गावभर हिंडला. मग दोघांना नांगराला जुंपलं. बैल बांधाकडे ओढी, रेडा डबक्याकडे. शेवटी रेड्याचं खरं झालं. नांगर, बैल आणि केरोबा तिघेही चिखलात बसले. लोक बघायला आले, बाहेर काढायला कोणी आलं नाही.

ठकूबाई आरडाओरडा करणाऱ्यातली नव्हती. त्याला चिखलातून ओढून काढून ती शांतपणे म्हणाली, "जोडी म्हणजे याला झाकावं अन् त्याला काढावं. जिथं फरक दिसेल तिथं तो आधी घालवायचा, मगच दोघं शेजारी उभे करायचे."

केरोबा म्हणाला, "कळलं."

चार दिवसांनी मास्तर स्वतः धापा टाकत त्याच्या दारात आले. त्या तिनांतल्या एका रुपयावरच्या फुलाला पाच पाकळ्या होत्या. चारच असायला हव्यात. तीस वर्षं ते हाच ठसा शोधत होते, आणि तो या माणसाच्या घरी निघाला होता. दुसरा कोणी असता तर गुपचूप ठेवून घेता. मास्तर सरळ होते. त्यांनी ठकूबाईला सांगितलं, रविवारी पुण्याहून एक जाणकार येणार आहेत, हा एक रुपया ते मागाल त्या किमतीला घेतील. घरावर नवी कौलं चढतील, बैलही परत येईल. मास्तरांना बाकी काही नको होतं. तो रुपया त्यांना जाणकाराच्या हातात बघायचा होता.

ठकूबाईनं पदरानं डोळे पुसले. लग्नानंतर पहिल्यांदाच तिला नवऱ्याचं कौतुक वाटलं. तेवढी चूक तिच्याही हातून झाली.

मास्तरांनी दोन रुपये केरोबाच्या हातात ठेवून बजावलं, "हा पाच पाकळ्यांचा आणि हा चार पाकळ्यांचा. दोन्ही घेऊन ये. शेजारी शेजारी ठेवून दाखवायचे आहेत."

केरोबा म्हणाला, "कळलं."

रविवारी जाणकार आले. मास्तरांनी टेबलावर मखमल अंथरली होती. केरोबा धुतलेलं धोतर नेसून आला आणि त्यानं दोन्ही रुपये शेजारी शेजारी ठेवले. जाणकारांनी एकावर भिंग धरलं, मग दुसऱ्यावर. मग पुन्हा पहिल्यावर. मास्तरांनी त्यांच्या हातातून भिंग ओढून घेतलं आणि पाकळ्या मोजल्या. चार. दुसऱ्याच्या मोजल्या. चार.

"केरोबा," मास्तर म्हणाले, "पाचवी पाकळी कुठाय?"

"सोनाराकडं," केरोबा म्हणाला. "त्यानं बेमालूम खरवडली, बघा. मजुरीही घेतली नाही. पाकळीची चांदी तेवढी ठेवून घेतली."