आगबोटीतला दिवा

"घंटा वर आणली, तर पास्कल सुटेल ना, उस्ताद?"

उस्ताद दाऊद ओट्यावर बसून रीळ गोड्या पाण्यात धूत होते. दोरी थोडी थोडी उलगडायची, बोटांनी मीठ चोळून काढायचं. त्यांनी वर पाहिलं नाही.

"उस्ताद, मी विचारतोय."

"ऐकलं."

...

विचारणारा सुव्रत परुळेकर. उस्तादांचा सगळ्यात तयार चेला, आणि ही गोष्ट सगळ्यांच्या आधी त्याला स्वतःलाच ठाऊक. खरं सांगतो, हा पोरगा मला कधी आवडला नाही. मी इथं सिलिंडरांत हवा भरतो. बुड्या मारणारे कैक पाहिले, पण पाण्यात उतरताना एकदाही मागे वळून न बघणारा हा एकटाच. आता मात्र त्याच्याकडे बघवत नव्हतं. गालफडं बसली होती, शर्टाची बटणं खालीवर लागली होती. जीव तुटला माझा, आता काय लपवू.

इथून दीड तासाच्या समुद्रात, तीस वाव पाण्याखाली, एक जुनी आगबोट बुडून पडली आहे. गेल्या माघात सुव्रत आणि पास्कल फर्नांडिस जोडीनं तिच्या पोटात शिरले. सुव्रत एक पितळी दिवा घेऊन वर आला. पास्कल आला नाही. मागाहून आतला पत्राच कोसळला, त्यामुळे त्याचा देहसुद्धा कुणाला काढता आला नाही.

सुव्रतनं तो दिवा चिंच लावून लखलखीत केला आणि पास्कलच्या आईला नेऊन दिला. पास्कलची आठवण म्हणून. कोन्सूमायनं दिवा उलटासुलटा करून पाहिला आणि त्याच्याच हातात परत ठेवला.

"माका दिवो कित्याक रे? घरात लाईट आसा."

एवढंच बोलून ती चुलीशी गेली म्हणे.

तोच दिवा आज त्याच्या मांडीवर होता. आणि डोक्यात त्याच आगबोटीची घंटा.

"दिवा लहान पडला, उस्ताद. घंटा मोठी आहे. पुढच्या भागात पडलीय, मला जागा माहीत आहे. तिच्यावर पास्कलचं नाव कोरून घेतो, चर्चात टांगतो. रोज वाजेल. माय ऐकेल."

"माय ऐकेल," उस्ताद म्हणाले.

"मग रीळ द्या."

इथली एक रीत आहे. उस्तादांच्या हातून रीळ घेतल्याशिवाय त्यांचा चेला आगबोटीत शिरत नाही. रिळाच्या दोरीचं टोक बाहेर बांधायचं, दोरी सोडत सोडत आत जायचं आणि तिलाच धरून परत फिरायचं. आत गाळ उठला की डोळे असले काय, नसले काय. ज्याला उस्तादांनी रीळ दिलं नाही, त्याला एकही होडीवाला होडीत घेत नाही. सुव्रत सगळ्यांशी भांडून झाला होता. म्हणून तर आला.

उस्तादांनी दोरी पुन्हा गुंडाळायला घेतली.

"पहिला धडा काय?"

"मी काय नवशिका आहे, उस्ताद?"

"पहिला धडा."

सुव्रतनं दातओठ खाल्ले. "माणसाला हात दोन. एक दोरीला, एक जोडीदाराला."

"मग घंटेला?"

...

"घंटेला तिसरा हात फुटला की ये बाबा. रीळ काय, होडी पण देतो."

मला हसू आलं. पण पुढचं ऐकलं आणि ते घशातच राहिलं.

"जोडीदार आहे कुठं आता, उस्ताद? एकटाच जाणार आहे मी. एक हात मोकळाच आहे."

कॉम्प्रेसर तेवढा धडधडत होता. मी तोही बंद केला.

उस्ताद गुडघे धरून उठले. दोरीवर वाळत घातलेले दोन पंचे त्यांनी ओढून घेतले.

"चल माडात."

नवख्या पोरांना ते माडांच्या बागेतच शिकवतात. माडामाडांतून दोरी ताणलेली असते. डोळे बांधून जोडीनं चालायचं. पुढचा एका हातानं दोरी धरतो आणि दुसरा हात मागच्याला देतो. मागच्यानं हात ढकलला की निघायचं, दाबला की थांबायचं. पाण्यात बोलता येत नाही, तेव्हा सगळं बोलणं हे एवढंच. गावातली माणसं हसतात, दोन धडधाकट माणसं भरदिवसा आंधळी कोशिंबीर खेळतात म्हणून. हसू देत मेली.

"हे आता कशाला, उस्ताद?"

"दिवा घे. मोकळ्या हातात."

त्यांनी सुव्रतचे डोळे बांधले. मग दुसरा पंचा स्वतःच्या डोळ्यांवर करकचून आवळला.

"आज पास्कलच्या जागी मी."

सुव्रतचा चेहरा उतरला. पण मागे हटायचं त्याच्या रक्तात नाही. त्यानं एका हातात दोरी धरली, एका हातात दिवा. उस्तादांना धरायला हात उरला नव्हता. त्यांनी दिव्याच्या हाताचं कोपर धरलं आणि पुढे ढकललं.

निघाले.

मध्यावर एक माड आडवा पडलेला आहे, गेल्या वादळातला. दोरी त्याच्या खालून जाते. पोट वाळूला लावून सरपटावं लागतं. सुव्रत खाली वाकला. दिवा खोडावर आपटू नये म्हणून त्यानं तो हात छातीशी ओढून घेतला.

कोपर सुटलं.

खोडाखाली तो क्षणभर थांबला. मी पाहिलं, थांबला होता. मग पुढे सरकला.

उस्ताद अलीकडेच राहिले, वाळूत गुडघ्यांवर. दोरीसुद्धा त्यांच्या हाताला लागत नव्हती. मी ताडकन उठलो. हाक ओठांवर आली होती, पण मारली नाही. पाण्यात कोण हाक मारायला असतं?

सुव्रत दोरीच्या टोकाला पोचला. पंचा ओढून काढला.

"आलो, उस्ताद! दोरी सोडली नाही बघा."

मागे वळला. मागे कुणी नव्हतं.

"उस्ताद?"

मग त्याला दिसलं. पडलेल्या माडाच्या पलीकडे डोळे बांधलेला म्हातारा, हात समोर धरलेला. बोटं मिटत होती, उघडत होती, पुन्हा मिटत होती. हवेलाच दाबत होती.

"उस्ताद, मी इकडे आहे. इकडे!"

उस्तादांनी मान वळवली नाही. बोटं दाबतच राहिली.

...

"त्यानं दाबलं होतं," सुव्रत म्हणाला.

हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मायला नाही, मला नाही, पोलिसांनाही नाही.

"दोनदा दाबलं त्यानं. मला कळलं होतं, उस्ताद. थांबायचं होतं. हात द्यायचा होता. पण दिवा खाली ठेवला असता तर गाळात परत मिळाला नसता... मला वाटलं, येईल मागून. पास्कलच तो. येईल की मागून..."

दिवा वाळूत पडला.

सुव्रत धावला. दोरी धरून धावला. डोळे तर उघडे होते, मग दोरी कशाला धरली देव जाणे. माडाला वळसा घालून येता आलं असतं, तेही त्याला सुचलं नाही. आला तसाच खोडाखालून सरपटत आला, तोंड वाळूनं भरलेलं. आणि त्यानं म्हाताऱ्याचा तो हवेतला हात घट्ट धरला. लहान पोर रडतं तसा रडत होता. मीही रडलो, माझं काय.

उस्तादांनी डोळ्यांवरचा पंचा काढला नाही. त्यांनी आधी हातातला हात चाचपला. मग सुव्रतच्या खांद्यावरून बोटं फिरवत दुसऱ्या हातापर्यंत नेली. त्या मुठीत दोरी होती.

...

"मोकळा हात कुठला म्हणालास, सुव्रता?"