पापणीचा आवाज ऐकणारी ठकू

फार वर्षांपूर्वी, घाटात रस्ता नव्हता आणि ताप मोजायची काचेची नळी कुणी पाहिलीही नव्हती, तेव्हा पिंपरधोंड गावात ठकू नावाची एक बाई होती. कुंभाराची लेक. ती वैद्य नव्हती, तिला मंत्र येत नव्हते, तिच्याकडे एकही मुळी नव्हती. ती आजारी माणसाच्या उशाशी बसायची, एवढंच. पण अशी बसायची की तिला पापणी मिटल्याचा आवाज ऐकू यायचा, असं म्हणतात.

त्या काळी पिंपरधोंडात एक रीत होती. घरात कुणी आजारी पडलं की वैद्यबुवा ओसरीवर येऊन बसत. आजारी माणूस आत माजघरात. मग घरातला सगळ्यात मोठा पुरुष बाहेर येई आणि आजार सांगे. पोट दुखतंय की डोकं, ताप कधीपासून, भूक आहे की नाही, सगळं तोच सांगे. वैद्यबुवा मान डोलावत आणि पुडी बांधत. आत झोपलेल्याला कुणी विचारतच नसे. का विचारत नसत? मोठ्यांनी तसं ठरवलं होतं. आणि मोठ्यांनी ठरवलं की गावात कारण विचारायची पद्धत नव्हती.

ठकू मात्र विचारायची. काढा उकळायला, कपाळावर ओली पट्टी ठेवायला तिला बोलवत, आणि ही खाली जमिनीवर बसून आजाऱ्यालाच विचारे, "कोणत्या कुशीवर बरं वाटतं? उजेड हवा की अंधार? काढा आत्ता घेणार की जरा थांबून?" लोकांना गंमत वाटायची. आजाऱ्यांना तर रडूच यायचं, कारण असं कुणी कधी विचारलेलं नसायचं.

एकदा एका घरी आठ वर्षांची पोर तळमळत होती. आजोबांनी ओसरीवर सांगितलं, पोट दुखतंय. पोरीला पाच दिवस एरंडेल पाजलं. सहाव्या दिवशी ठकूने तिला विचारलं, "बाय, कुठं दुखतंय?" पोरीने कानाला हात लावला. कानात चिंचोका होता.

गाव पोट धरून हसलं. पण गावचे कारभारी रायाजीबाबा हसले नाहीत. ते आजोबा म्हणजे त्यांचे सख्खे मेहुणे. त्यांनी ठकूला चावडीवर बोलावलं.

"आजाऱ्याला काय कळतं गं?" ते म्हणाले. "आजारी माणूस म्हणजे फुटलेलं गाडगं. त्याचं काय करायचं ते घरच्यांनी ठरवायचं."

"गाडगं कुठं फुटलंय ते बोट फिरवून कळतं, बाबा," ठकू म्हणाली. "ओसरीवर बसून नाही."

झालं. त्या दिवसापासून तिला कुणी घरात घ्यायचं नाही, असा हुकूम सुटला.

दोन वर्षं गेली. आणि एका सकाळी रायाजीबाबा विहिरीवर आंघोळ करता करता कोसळले. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली. साऱ्या गावाच्या वतीने बोलणारा माणूस आता माजघरात पडला आणि ओसरीवर त्यांच्या वतीने त्यांचा थोरला मुलगा सुभाना बोलू लागला.

तिसऱ्या दिवसापासून बाबांनी तोंड मिटलं. पेज नको, दूध नको, पाण्याचा थेंबही नको. वैद्यबुवांनी ओसरीवरून सांगितलं, दातखिळी आहे. लेप झाला. कुणी म्हणालं बाहेरची बाधा आहे. लिंबं उतरवली. दातांत लाकडी पळी घालून पाहिली, ती मोडली. पाचव्या दिवशी बाबांचे ओठ वाळून चिरले. अजून दोन दिवस असेच गेले तर माणूस हाती लागणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं.

तेव्हा थोरली सून गोजरा मागच्या दाराने कुंभारवाड्यात गेली. "ठके, चल. मी अंग पुसायला गेले की मामंजींच्या डोळ्यांतून पाणी येतं गं. ही बाधा नाही."

"आणि हुकूम?"

"हुकूम देणाऱ्याचीच बोलती बंद आहे. चल तू."

ठकू आली आणि खाटेशी जमिनीवर बसली. म्हणाली, "बाबा, हो असेल तर एकदा डोळे मिटा. नाही असेल तर दोनदा. मला घाई नाही."

मग तिने विचारायला सुरुवात केली. कुठं दुखतंय का? नाही. घशाखाली उतरत नाही का? नाही. दूध गरम हवं? गार हवं? पेजेत मीठ? खाट दाराकडे? देवाचं काही राहिलंय? बैलांना पाहायचंय? दोनदा मिटले, दोनदा मिटले, दोनदा मिटले. ओसरीवरचे म्हातारे हसत होते. "अगं, आंधळी कोशिंबीर खेळतेस का?" दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिने हजार प्रश्न विचारले, असं म्हणतात. दारातलं मांजरसुद्धा बघून बघून पापण्या मिटायला शिकलं, असंही म्हणतात.

ठकूचे प्रश्न संपले. तेवढ्यात गोजरा कोमट पाण्याचं घंगाळ आणि फडकं घेऊन आत आली. बाबांनी डोळे मिटले. एकदा नाही, दोनदा नाही. मिटलेलेच ठेवले.

"वहिनी, जरा बाहेर जा," ठकू म्हणाली. गोजरा गेली. डोळे उघडले. "आता या." डोळे मिटले.

ठकूने घंगाळाकडे पाहिलं, मग फडक्याकडे. मग गोजराला बाहेर पाठवून तिने अगदी हळू विचारलं, "बाबा, पोटात काही गेलं तर बाहेर येणार. आणि ते सुनांना धुवावं लागणार. म्हणून जेवत नाही का?"

बाबांनी एकदा डोळे मिटले. त्या पापणीचा आवाज ओसरीपर्यंत गेला, असं म्हणतात.

जन्मभर हा माणूस खाकरल्याशिवाय स्वयंपाकघराच्या दाराशी गेला नव्हता. सुना त्यांच्यासमोर पदर सावरल्याशिवाय आल्या नव्हत्या. आणि आता त्याच सुना त्यांना उघडं करून धूत होत्या. हे सांगायला त्यांच्याकडे जीभ नव्हती. उपाशी मरणं तेवढं हातात होतं.

"मग कुणी धुवावं?" ठकूने एकेक नाव घेतलं. न्हावी? नाही. गडी? नाही. पुतण्या? नाही. "सुभानादादा?"

एकदा.

सुभाना दारातच उभा होता. तो दचकला. "मी? हे बायकांचं काम आहे."

"अंग त्यांचं आहे, दादा. कुणी धुवायचं ते तेच सांगणार."

"लोक काय म्हणतील?"

"लोक ओसरीवर बसलेत. विचारून या. तोवर बाबा थांबतात का बघू."

सुभाना गेला नाही. त्याने बाह्या सारल्या. त्याला काहीच येत नव्हतं. ठकूने पाठ फिरवली आणि तशीच सांगत राहिली. पाणी आधी आपल्या मनगटावर बघा. हात उचलायच्या आधी त्यांना सांगा. जेवढं धुताय तेवढंच उघडा, बाकीचं झाकून ठेवा. सुभानाने बापाला धुतलं, पुसलं, कोरडं धोतर गुंडाळलं. आणि त्या संध्याकाळी रायाजीबाबांनी तोंड उघडलं आणि वाटीभर कण्यांची पेज प्यायली.

त्यानंतर ते अकरा वर्षं जगले, असं म्हणतात. पापण्यांनी होय-नाही सांगून त्यांनी गावचे तंटे सोडवले. पण दुसऱ्याच्या वतीने त्यांनी एकही उत्तर दिलं नाही. देता येत नव्हतं म्हणून, असं पुरुष म्हणतात. देता आलं असतं तरी दिलं नसतं, असं बाया म्हणतात. ठकूवरचा हुकूम मात्र त्यांनी पहिल्याच आठवड्यात मोडला. त्यासाठी एक पापणी पुरली.

ठकू खूप म्हातारी होऊन गेली. ती आजारी पडली तेव्हा चाळीस माणसं तिच्याभोवती खाली बसली. जो तो विचारी, ठकूआजी, काय हवं? उशी हवी? शेक हवा? तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "जरा गप्प बसता का?" मग सारं गाव असं गप्प झालं की कोसभर लांबच्या ओढ्याचं पाणी तिच्या खाटेपाशी ऐकू आलं, असं म्हणतात. ते ऐकत ती गेली.

आज पिंपरधोंडात दवाखाना आहे. पांढऱ्या साडीतली सिस्टर रुग्णासमोर स्टूल ओढून बसते. म्हातारीला विचारते, "आजी, काय होतंय?" आणि तिचा मुलगा नेहमीप्रमाणे तोंड उघडतो, "काही नाही हो, तिला जरा..."

की रांगेतून कुणीतरी हमखास ओरडतं, "ठकू ऐकतेय हं!"

मुलगा गप्प होतो. रांगेतला कुणीही घाई करत नाही. आणि मग म्हातारी सांगायला लागते. बराच वेळ सांगते.