चोर म्हटलं की दगड

एका राज्यात शब्दांची फार टंचाई होती. राजा वज्रबाहूच्या न्यायात नाव एकच, चोर. बोर उचललं, चोर. वाट अडवून गळा दाबला, तोही चोर. पडलेल्या चिंचा वेचल्या म्हणून राजाने एका मांत्रिकाच्या शिष्याला वाटमाऱ्यांच्या रांगेत उभं करून सुळी दिलं. मांत्रिक संतापला. म्हणाला, "नाव एकच, तर शिक्षाही एकच. ज्याला चोर म्हणाल तो दगड होईल. त्याने केलेल्या करणीला तिचं खरं नाव मिळेल, तेव्हाच तो दगड सुटेल."

माणसं दगड होऊ लागली. राजाला वाईट वाटलं नाही. त्याला किल्ल्याच्या तटाला दगड हवेच होते.

त्या राज्यात कौतिक नावाची बाई राहत होती, जिभेची तिखट, कामाला वाघीण. तिची धाकटी बहीण येसू एका सकाळी शेजारी विरजण आणायला गेली. घरात कुणी नव्हतं. गावच्या रीतीप्रमाणे तिने बोटभर दही वाटीत घेतलं. शेजारीण परमुलखातली, नवी. ती दारात येऊन किंचाळली, "चोर!" येसू वाटीसकट दगड झाली.

राजाचे पाच शिपाई गाडी घेऊन आले. कौतिक आडवी आली, तर तिच्या गळ्याला तलवार लावली आणि येसूला उचलून नेलं. दिवस मावळायच्या आत तिला तटात चिणणार होते. कौतिक पदर खोचून गाडीमागे धावली.

तटावर मांत्रिकाचा भारद्वाज पक्षी बसला होता. तो माणसासारखा बोले. राजाही बांधकाम पाहायला आला होता.

भारद्वाज म्हणाला, "बहीण हवी तर तीन करण्यांची खरी नावं सांग. चुकलीस तर तूही दगड."

"विचार की मेल्या. ऊन कलतंय."

भारद्वाजाने तटातल्या एका दगडाकडे चोच केली. "याने कुरणातली गाय मालकाच्या नकळत हाकून नेली, आपल्या दावणीला बांधली."

"न विचारता नेली, ठेवून घ्यायच्या मनाने नेली. ही चोरी."

दगड शिंकला आणि माणूस झाला.

"याने घराची भिंत फोडली, आत शिरला, काही उचलायच्या आधी सापडला."

राजा हसला. "काही नेलंच नाही, मग गुन्हा कसला?"

"महाराज, तुमच्या शयनघराची भिंत फोडून कुणी आत आला, तर विडा देऊन निरोप द्याल का? चोरायला म्हणून घर फोडलं, तिथेच गुन्हा झाला. ही घरफोडी."

दुसरा दगड जांभई देत उठला.

"पाच जण. हातात शस्त्र. बाईच्या गळ्याला पातं लावून तिचं माणूस उचललं."

"हा दगड कुठाय?"

"दगड नाही. अजून हिंडताहेत."

कौतिक राजाकडे वळली. "मारायचा धाक घालून घेतलं, ती लूट. पाच जणांनी मिळून लुटलं, तो दरोडा. राजा, हा दरोडा तुझा आहे."

नाव खरं होतं. शिपायांच्या तलवारी मेणासारख्या वितळल्या. येसू मात्र दगडच राहिली.

"हिच्या करणीचं नाव राजाच्या तोंडून यायला हवं," भारद्वाज म्हणाला. "शब्द त्यानेच बुडवलाय."

राजाने घाम पुसला. "न विचारता घेतलं ना तिने?"

"विरजण कुणी विचारून घेतं होय? आज तिच्याकडचं आणायचं, उद्या तिचं नासलं की आपलं द्यायचं. तुझ्या आईने कधी आणलं नाही?"

"आणायची," राजा हळूच म्हणाला. "प्रधानांच्या मुदपाकखान्यातून."

"त्याला काय म्हणायची?"

राजाने खूप आठवलं. मग त्याचे ओठ हलले. "उसनं."

मग ज्याच्या त्याच्या करणीला नाव मिळालं, तसे तटातले सगळे दगड अंग झाडत खाली उतरले. तट पडला. ज्याला त्याला बेताची शिक्षा मिळाली. दरोड्याचा दंड राजाने स्वतः भरला आणि मांत्रिकाकडे जाऊन त्याच्या पायांवर मुकुट ठेवला.

येसूने डोळे चोळले. "ताई, एवढी माणसं कशाला जमलीत गं?"

"तुला न्यायला. चल."

तिथे निवाडा नीट झाला, ऐकणाऱ्यांच्या गावीही होवो.