रिकाम्या खुर्चीची कमाई

वाईच्या कोर्टासमोर वकील शर्वाणी घाटगे आणि तिचे काका यांचं ऑफिस होतं. टेबलापुढे तिच्या दिवंगत वडिलांची वेताची खुर्ची होती. ती रिकामी असली, की शर्वाणीची नजर काम करता करता तिकडेच जाई.

काकांनी पुण्याहून दिवाण सरांना बोलावलं. वकिलांना धंदा वाढवायला शिकवणारे मोठे गृहस्थ! त्यांचा शब्द काका मोडणार नव्हते.

सर आल्या आल्या म्हणाले, "ही अडगळ काढा. स्टूल ठेवा, म्हणजे माणूस मुद्द्याचं बोलून उठतो. या खुर्चीनं एक तरी पक्षकार आणलाय? दाखवा, मग राहू दे!"

"दाखवते. आधी बसा तरी, जिना चढून दमलात."

सर टेकले. पाठ सैलावली. चहा घेता घेता ते स्वतःच्या भावाबद्दल बोलू लागले. वाटणीवरून अबोला, गावच्या घराला दोघांची कुलपं. "काही मार्ग निघेल का हो, बाई?"

"निघेल की. आणि सर, खुर्चीनं पक्षकार आणला बरं का. आत्ताच!"

काका खो खो हसत म्हणाले, "तिच्या वडिलांची खुर्ची आहे ही!" सर ओशाळून म्हणाले, "राहू दे ही. तुमचे वडील हिच्यात बसायचे?"

"कधीच नाही. समोरच्याला बसवून ते ऐकत राहायचे. अजूनही हिच्यात कुणी बोलायला लागलं, की वाटतं, बाबा ऐकतायत."