चार बोटं

रविवार, सकाळी साडेसहा. नागपुरातल्या एका कॉलेजचं बास्केटबॉल मैदान. विद्यापीठाची फायनल त्याच दिवशी दुपारी चार वाजता. तिच्या बातमीसाठी मी पेपरकडून आलो होतो.

"बसवू की खेळवू, मॅडम? एवढंच सांगा."

विचारणारा अनिरुद्ध ठवकर. कॉलेजच्या मुलांच्या संघाचा कोच. अकरा वर्षांत नऊ विजेतेपदं, आणि नऊही तोंडपाठ.

ज्यांना विचारलं त्या कुसुम लांजेवार. वय चौऱ्याहत्तर. याच मैदानावर त्यांनी सव्वीस वर्षं संघ घडवला. ठवकर त्यांच्याच हाताखालचा. निवृत्त झाल्या, तरी त्या सकाळी रिंगची फाटकी जाळी मांडीवर घेऊन गाठी मारत बसल्या होत्या. चषकांसाठी कॉलेजनं काचेचं कपाट केलंय. आत दिवेसुद्धा लागतात. जाळी मात्र अजून बाईच शिवतात.

"पोहे आणले?"

"आणले."

"तर्री?"

"वेगळी बांधून आणली."

"मग बोल. कोणाला बसवतो?"

"ताजनेला."

"तो शेवटच्या वर्षाचा न? आजची त्याची शेवटची मॅच."

"म्हणूनच विचारायला आलो."

"काय केलं त्यानं?"

"ऐकलं नाही."

प्रकार असा होता. आदल्या दिवशीची सेमीफायनल. सात सेकंद उरलेली, संघ एका गुणानं मागे. ठवकरचा हुकूम होता, बॉल उंच डोरलीकरला द्यायचा. समीर ताजनेनं दिला नाही. स्वतःच घुसला आणि मारला.

"गेला?"

"गेला. जिंकलो."

"अरे वा!"

"वा काय, मॅडम! पूर्ण वेळ मी बेंचवरून ओरडून राहिलो. त्यानं मान वळवली नाही. एकाला सोडलं की उद्या बाराही ऐकणार नाहीत."

मॅडमनी पुडी सोडली. तर्रीचा तिखट रस्सा चाखला. मान डोलावली. ती ठवकरसाठी होती की तर्रीसाठी, ते कळलं नाही.

"ड्रेसिंग रूममध्ये मी अकरा नियम लावलेत," ठवकर म्हणाला. "पहिला नियम, नजर बेंचवर. हा तुमचाच आहे."

"माझा?"

"तुमचाच न! वीस वर्षं सांगून राहिलो मी लोकांना."

त्यानं फोन काढला. त्यातला फोटो मी ओळखला, कारण तो आमच्याच पेपरात छापून आला होता. वीस वर्षांपूर्वीची फायनल. बेंचपुढे उभ्या लांजेवार मॅडम, हात वर, चार बोटं ताठ. खाली आमचीच ओळ: 'चार बोटांचा विजय'.

"शेवटची वीस सेकंदं," ठवकर म्हणाला. त्याचा आवाज भाषणाचा झाला. "मी बॉल घेऊन चाललो होतो. बेंचकडे पाहिलं. तुम्ही चार बोटं दाखवली. मी चार नंबरची चाल लावली. मारला. गेला. त्या दिवशी मी ठरवलं, खेळाडूचा डोळा बेंचवरून हलता कामा नये."

मॅडमनी फोन हातात घेतला. लांब धरला, जवळ आणला.

"हे होय!"

त्या हसायला लागल्या. पोहे सांडले.

"अरे, मी गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलाला दाखवून राहिले होते! आपल्या सोनटक्केचे चारच फाउल झाले होते. टेबलावाल्यांनी पाच लिहिले आणि पाच भरले म्हणून त्याला बाहेर काढलं. मॅच संपेपर्यंत मी त्यांच्याशी भांडत होते. चार, चार! दिसत नाही का, चार!"

ठवकरनं फोन परत घेतला, फोटो मोठा करून पाहिला.

"तुला मी टाइम-आउटमध्ये काय सांगितलं होतं?"

"...बॉल धरून ठेव. एका गुणानं पुढे आहोत. शॉट मारायचा नाही."

"आणि तू?"

"मारला."

"मस्त मारला."

कडेच्या झाडावरचा कावळा खाली आला. सांडलेले पोहे त्यानं आरामात वेचले. त्याला कोणी हाकललं नाही.

"म्हणजे मीच ऐकलं नव्हतं," ठवकर हळूच म्हणाला. "तुम्ही वीस वर्षं सांगितलं नाही, मॅडम."

"तू विचारलं केव्हा? तू तर सांगून राहिला होता. माईकवर. खांद्यावर शाल घेऊन."

"मग माझा पहिला नियम..."

"चांगला आहे. पोरांच्या मानेला व्यायाम होतो."

आता ठवकरही हसला. न हसून करतो काय! पण लगेच थांबला.

"दुसऱ्या वर्षी मग मला कॅप्टन काहून केलं?"

मॅडमनी जाळी पुन्हा मांडीवर ओढली. जाळीची एक गाठ सैल होती, ती सोडली. पुन्हा मारली.

एक गोष्ट इथे नोंदवतो. त्या फायनलचं गुणपत्रक बास्केटबॉल संघटनेच्या कपाटात आहे. मी ते पाहिलंय. सोनटक्केच्या नावापुढे पाच खुणा आहेत. चार निळ्या शाईत, पाचवी काळ्या. पाचवी कोणी केली, हे विचारायला मी तीन सचिवांच्या दारी गेलो. पहिल्यानं दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे. तिसऱ्यानं चहा पाजला.

ठवकर उठला. बॉल घेतला, दोनदा टप्पा मारला, पुन्हा खाली ठेवला. घड्याळ पाहिलं.

"नऊ वाजता यादी द्यायची आहे मला. ताजनेचं काय करू?"

मॅडमनी जाळी बाजूला ठेवली.

"सोनटक्केचीही ती शेवटचीच मॅच होती. आता भंडाऱ्याला मास्तर आहे. दर दिवाळीला त्याचा फोन येतो. बायको, पोरं, शाळा, सगळं सांगतो. खूप हसवतो मला. आणि फोन ठेवायच्या आधी दरवेळी एकच विचारतो: 'मॅडम, माझा पाचवा फाउल कोणता होता?'"