भिंत आणि तिच्यामागची माती

डोंगरातला रस्ता नवा होता, तेव्हाची गोष्ट. त्याला सावरायला एक भिंत होती. भिंत ढळू नये म्हणून तिला जोडलेल्या लांब लोखंडी पट्ट्या मागच्या मातीने घट्ट धरल्या होत्या. मातीतलं पाणी भिंतीच्या भोकांतून ओघळायचं. भिंतीला त्या ओघळांची लाज वाटे, म्हणून तिने भोकं शेवाळाने बुजू दिली.

श्रावणात झड लागली. "ताई, पाणी तुंबलंय. पट्ट्या हातून सुटतायत," माती कळवळली.

"जरा कळ काढ. लोक बघतात," भिंत म्हणाली.

दुपारपर्यंत भिंत फुगून तडकली.

तुळाजी गवंड्याने फुगलेला भाग उतरवला, नव्या पट्ट्या अंथरल्या, मागे खडी भरली आणि भोकं मोकळी केली.

"मी तुला ढकललं गं," माती हुंदका देत म्हणाली.

"मीच तुला अडवलं होतं," भिंत म्हणाली. "आता भरून आलं, की खुशाल रड."