जांभळीचा उपास

म्हशींनाही बोलता येत होतं, त्या काळी जांभळी नावाची एक पारडी वयात आली. तळ्यावरच्या बगळीचे काडीसारखे पाय पाहून तिला स्वतःच्या पोटाची लाज वाटू लागली. तिने चारा सोडला. आई विनवायची, पण ती मान फिरवायची.

एके दिवशी तळ्यात उतरल्यावर चिखलातून तिचे पाय निघेनात. तेवढ्यात बगळी तिच्या पाठीवर येऊन बसली.

"मावशी, उपाशी राहून तुम्हाला ताकद कुठून येते?" जांभळीने रडवेल्या आवाजात विचारलं.

"उपाशी? अगं, मी पहाटेपासून मासेच गिळतेय. आमची ठेवणच अशी."

आईने ढुशा देत लेकीला काठावर आणलं. संध्याकाळी जांभळीने आपली पेंड संपवली आणि हळूच आईच्या घमेल्यात तोंड घातलं. आईने मुद्दामच दुसरीकडे पाहिलं.